तीन कपांतला वेगळा

ओट्यावरच्या फळीवर पाच वस्तू होत्या. भाजलेल्या बियांचं पाव किलोचं पुडकं, तोंड दुमडून चाप लावलेलं. हाताने फिरवायची चक्की. पितळी फिल्टर. दळलेल्या कॉफीचा स्टीलचा डबा, अर्ध्याहून थोडा जास्त भरलेला. आणि एका वाटीत चार जायफळं, त्यांतलं एक किसून निम्म्यावर आलेलं. सहावी वस्तू तिथे असायला नको होती. ती हिंगाची डबी होती आणि तिचं झाकण उघडं होतं.

रुचिराने कॉफीचा डबा उघडून नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला. कॉफीला हिंगाचा वास मारत होता. पाहुण्याला दिली असती तर पाहुणा पुन्हा या जिन्याची पायरी चढला नसता.

बाबा हीच कॉफी दिवसातून दोनदा पीत होते.

दुसऱ्या कुणाच्या घरी हे झालं असतं तर तिने झाकण लावलं असतं आणि विसरून गेली असती. पण हे तिच्या बाबांचं, हरीभाऊंचं घर होतं. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त होईपर्यंत त्यांनी कचेरीतला चहा कधी तोंडाला लावला नाही. दर महिन्याला माटुंग्याला जाऊन ते बिया आणत, आठवड्यापुरत्याच दळत, आणि फिल्टरच्या अर्कात दूध घातल्यावर वरून जायफळ किसत. "तिकडच्या दुकानदाराला हे कळलं तर मला पायरीवर उभं करणार नाही," असं स्वतःच हसून सांगत. मसाल्यांचे डबे एका भिंतीला, कॉफी समोरच्या भिंतीला. फ्रिजमध्ये तर नाहीच. "कॉफी कानाची हलकी असते, शेजारणीचं सगळं उचलते," हे त्यांचं वाक्य. लसूण सोललेल्या हाताने डबा उघडला म्हणून दहा वर्षांच्या रुचिराने एकदा चांगली बोलणी खाल्ली होती.

आई जाऊन चार वर्षं झाली होती. रुचिरा पुण्याहून अन्नतंत्रज्ञानातली एम.एस्सी. संपवून आली होती. पुढच्या महिन्यात तिला म्हैसूरला नोकरीवर रुजू व्हायचं होतं.

तिने डबा रिकामा केला, घासून उन्हात ठेवला आणि ताज्या बिया दळल्या. दळता दळता तिला दिवाळीनंतरचा तो अपघात आठवला. धामणकर नाक्यावर बाबा शेअर रिक्षात चालकाशेजारच्या अर्ध्या जागेवर बसले होते. रिक्षा वळली आणि ते रस्त्यावर पडून डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटले. पाच टाके पडले. आत काही नाही, नशीबवान आहात, असं डॉक्टर म्हणाले होते. वासाच्या नसा नाकाच्या वरच्या पातळ हाडातल्या बारीक भोकांतून मेंदूत जातात, हे रुचिराला माहीत होतं. डोकं मागून जोरात आपटलं, तर त्या तिथेच तुटू शकतात. टाक्यांत ते दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कॉफी केली. हरीभाऊंनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले.

"जायफळ आज अगदी बेताचं पडलंय. तुझी आई असंच किसायची. दोनदा फिरवलं की बास."

रुचिराने किसणीला हातही लावला नव्हता.

त्यानंतर दोन दिवसांनी ती भाजी घेऊन येत होती, तर पहिल्या मजल्यावरच गॅसचा वास आला. ती पिशवी टाकून धावत वर गेली. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण चालूच होतं. हरीभाऊ ओट्यापासून दोन हातांवर खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होते.

"दिव्याचं बटण दाबू नका!" तिने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या.

"काय झालं?"

"बाबा, वास नाही आला?"

"सर्दी झालीय. या गावात कुणाला नसते? चारी बाजूंनी कापडाच्या लूमचा कापूस उडतोय."

"सर्दी नाही. परवाच्या कॉफीत जायफळ नव्हतंच."

ते पेन्सिलीचं टोक कोड्याच्या एकाच चौकोनात गिरवत राहिले.

"मी म्हैसूरला कळवते. येत नाही म्हणून. नाहीतर तुम्ही चला माझ्याबरोबर."

"तिथे जाऊन मी कुणाशी बोलू? भिंतींशी, तेही कन्नडात? विजेची शेगडी घे हवी तर."

"शेगडी बदलेन. जळकी वायर, नासलेलं दूध, त्यांचं काय करू?"

"म्हणजे म्हाताऱ्याच्या नाकापायी पोरीची नोकरी गेली, असं माझ्या नावावर लिहायचं?" त्यांचा आवाज चढला. "एका उत्तरावर कुणी नापास करतं? परीक्षा घ्यायची तर नीट घे. तुमच्या लॅबमध्ये घेता तशी."

तिने ती शुक्रवारी घेतली. शुक्रवारी लूम बंद असतात, गल्लीत खटखट नसते आणि सुताच्या खळीचा वासही कमी असतो. समोरच्या पार्वतीकाकूंना बोलावलं. दर फेरीला तीन कप, दोन सारखे, एक वेगळा. फरक फक्त जायफळाचा. साखर आणि दूध मोजून, कण दिसू नयेत म्हणून दोन्ही कॉफ्या फडक्यातून गाळलेल्या. कपांच्या तळाला खूण. रुचिरा आत थांबणार, कारण परीक्षकाच्या चेहऱ्यावर उत्तर दिसतं. काकूंना काहीच माहीत नसणार. त्यांनी फक्त कप न्यायचे आणि बाबांनी वेगळा म्हणून निवडलेला परत आणायचा.

"अशा नऊ फेऱ्या," ती म्हणाली. "डोळे मिटून बोट ठेवलं तरी नऊपैकी तीन बरोबर यायचे. निदान सहा आले, तर नाक आहे असं मी मानेन."

"आणि तू जाशील."

"जाईन."

"काकू, साक्षीदार आहात," हरीभाऊ म्हणाले.

"मला कसलं साक्षीदार करताय, मी तर हमाल!" पार्वतीकाकू ताट उचलत म्हणाल्या. "सत्तावीस कप! लग्नातसुद्धा एवढे नेले नव्हते."

ओट्यावर रुचिराने दोन वाट्या ठेवल्या. काकूंनी कप आणला की ती तळ बघायची आणि एका वाटीत कॉफीची एक बी टाकायची. कुठली वाटी कशाची हे तिने काकूंनाही सांगितलं नव्हतं.

पहिल्या फेरीला बाहेरून हसण्याचा आवाज आला. "हा! यात शंकाच नाही." दुसऱ्या फेरीलाही तसंच. दाराच्या फटीतून तिला ते दिसत होते. प्रत्येक कप ते दोन्ही हातांनी धरत, मान खाली घालत, वाफेत तोंड नेत, भुवया वर जात. तीस वर्षं ते असेच कॉफी हुंगत आले होते. तिला वाटलं होतं की ते लपवत आहेत. पण हा माणूस खोटं बोलत नव्हता. कप नाकाशी गेला की त्यांना कॉफी आठवत होती आणि आठवलेली कॉफी त्यांना पुरत होती.

पाचव्या फेरीला ते हसले नाहीत. सहाव्या फेरीला तिन्ही कप दोनदा उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले.

"पार्वतीकाकू," ते हळू म्हणाले, "तुम्हाला येतोय का हो वास?"

"अगं बाई, अख्ख्या जिन्यात घमघमाट आहे, भाऊ."

"कसला?"

"कसला म्हणजे? जायफळाचा." आणि मग त्यांना कळलं. त्या एकदम ओशाळल्या. "म्हणजे, मी दारात उभी आहे ना, तिथे वाऱ्याने जास्त येतो."

हरीभाऊंनी समोरच्या कपाकडे पाहिलं. वाफ वर जात होती. त्यांनी हात वाफेत धरला आणि तसाच राहू दिला.

"बाबा, थांबायचं का?" रुचिराने आतून विचारलं.

"नऊ ठरल्यात. नऊ घे."

उरलेल्या फेऱ्यांत त्यांनी कप तोंडाला लावला, हुंगला नाही. एकेका कपावर बोट ठेवलं आणि "हा" म्हणाले.

शेवटचा कप काकू घेऊन आल्या आणि ताट ठेवून आपल्या घरी गेल्या. रुचिराने तळ पाहिला, बी टाकली. पाठीमागे चपलांचा आवाज आला. हरीभाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांची नजर ओट्यावर होती.

"एका वाटीत सहा दिसतायत," ते म्हणाले.

त्यांना कुठली वाटी कशाची हे माहीत नव्हतं. रुचिराने एक शब्द बदलला असता, तरी कुणाला कळलं नसतं. ते तिच्याकडे बघत होते, आणि तिने काय म्हणावं असं त्यांना वाटत होतं, ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. म्हैसूरची गाडी, रिकामं घर, ओट्यावरचं दूध, सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"डावी वाटी चुकांची आहे, बाबा," ती म्हणाली.

डाव्या वाटीत सहा बिया होत्या, उजवीत तीन.