पुढे केलेला हात

धावपट्टीवर झेब्रे होते, म्हणून वैमानिकाने दोन घिरट्या घातल्या. खाली लाल शुक्याची चादर पांघरलेला एक म्हातारा काठी उगारून त्यांना हाकलत होता. एवढ्या उंचावरूनही मी त्याला चालीवरून ओळखलं. सिरोंका बाबा!

ते आमच्या सफारी कॅम्पचे पहारेकरी. माझ्या बापाबरोबर एकाच वर्षी योद्धे झालेले, म्हणजे आमच्या मासाई रीतीने माझे बापच. सख्ख्या बापाला रानरेड्याने मारलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तेव्हापासून माझ्यासाठी चार लोकांत बोलायला हेच उभे राहत आले. आता महिनाअखेरीला माझ्या लग्नाची बोलणी होती. मुलीकडच्यांसमोर बाप म्हणून कोणी बसलं नाही, तर बोलणी होणारच नव्हती. बाबांनी निरोप धाडला होता, "येऊ दे त्याला. डोक्यावर हात ठेवीन आणि मग हो म्हणेन."

नैरोबीच्या हॉटेलात सात वर्षं काढून मी त्या दिवशी कॅम्पचा व्यवस्थापक म्हणून येत होतो. खाकी कपडे कडक इस्त्रीचे, टोपी नवी, कमरेला वायरलेस. विमानात माझ्यासोबत हॉलंडच्या एक निवृत्त बाई आणि त्यांची नऊ वर्षांची नात लोटा होती. वाटभर मी त्यांना सिंहांच्या गोष्टी सांगत आलो होतो. माझा रुबाब मलाच फार आवडला होता.

उतरलो. आमचा ड्रायव्हर टिपाटेट, माझ्याच वयाचा, आधी बाबांपुढे गेला आणि त्याने मान खाली घातली. बाबांनी त्याच्या डोक्याला हात लावला. मग ते माझ्याकडे वळून थांबले. धाकट्याने डोकं पुढे करायचं, मोठ्याने हात ठेवायचा, आमच्यात हे शेळ्या राखणाऱ्या पोरालाही शिकवावं लागत नाही.

बाईंनी कॅमेरा वर केला. माझ्या मनात आलं, साहेब पहारेकऱ्यापुढे वाकलाय असा फोटो हॉलंडला जाणार! आणि मी हात पुढे केला. बरोबरीच्या माणसाला करतात तसा.

बाबांनी त्या हाताकडे पाहिलं. मग तो हातात घेतला आणि सोडला.

"तुम्ही यांना ओळखता?" लोटाने मला विचारलं.

"कॅम्पमधला माणूस आहे," मी इंग्रजीत म्हणालो. बाबा बारा वर्षं पाहुण्यांत वावरलेत, त्यांना तेवढं इंग्रजी कळतं. हे मला माहीत होतं, आणि तरी मी बोललो.

जीप निघाली. बाबा पायीच मागे राहिले. मी त्यांना बसा म्हणालोही नाही.

"काय रे कोइनेट," टिपाटेट आमच्या भाषेत म्हणाला, "विमानात मान आखडली वाटतं?"

"गाडी चालव."

"चालवतोय की. पण बायको काय वायरलेसवरून मागणार आहेस?"

मागून लोटा त्याला विचारू लागली, की तू त्या आजोबांपुढे का वाकलास. त्याने तिला सगळं नीट समजावून सांगितलं. मी रस्त्याकडे बघत बसलो. लाजेने माझे कान तापले होते.

दिवसभर मी तंबू दाखवले, पाहुण्यांना जेवण वाढलं, नदीतले पाणघोडे दाखवले. आपण एवढे हलके कधीपासून झालो, हेच डोक्यात फिरत होतं.

ऊन उतरल्यावर पाहुण्यांचा चहा झाडाखाली मांडला होता, तिथे बाबा आले. लोटा पळत गेली आणि त्यांच्यापुढे डोकं खाली करून उभी राहिली. बाबा मनापासून हसले. त्यांनी तिच्या पिवळ्या केसांवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

माझ्याने राहवलं नाही. मी टोपी काढून खुर्चीवर टाकली, सगळ्यांदेखत बाबांपुढे गेलो आणि मान खाली घातली.

"बाबा, चुकलो."

समोर टायरच्या चपलांतले त्यांचे भेगाळलेले पाय दिसत होते. मी वाट पाहिली. डोक्यावर काहीच आलं नाही. शेवटी मान वर केली, तर त्यांचा हात माझ्यासमोर होता. सकाळी मी धरला होता तसाच, सरळ पुढे केलेला.

मी तो हातात घेतला. दुसरं काय करणार?

"आजोबा, तुम्ही यांना ओळखता?" लोटाने विचारलं.

"कॅम्पचे नवे साहेब आहेत," बाबा इंग्रजीत म्हणाले. "आजच आलेत."

मग त्यांनी काठी उचलली आणि ते पहाऱ्याला गेले.