पाठीमागचं विमान

ताईने हेडफोन कानावर घट्ट दाबला आणि दुसऱ्या हाताने खुर्चीची कड धरली. पडद्यावर दोन ठिपके सरकत होते. पुढचं विमान तिच्या धाकट्या भावाचं. त्याच्या मागे लागलेलं बिनपायलटचं विमान म्हणजे आजचं लक्ष्य.

"सोडलं," भावाचा आवाज आला.

क्षेपणास्त्र पुढे झेपावलं आणि गर्रकन मागे वळलं. वळताना त्याला भावाच्याच विमानाची धग दिसली तर? वळेपर्यंत क्षेपणास्त्राची नजर झाकून ठेवायची सोय तिनेच केली होती, पण सोय केली म्हणून भीती थोडीच जाते! नवा ठिपका भावाच्या ठिपक्याला घासून गेल्यासारखा वाटला, आणि मागचं लक्ष्य पडद्यावरून पुसलं गेलं. खोलीत टाळ्या पडल्या.

भाऊ लढाऊ विमानांवर गेला तेव्हापासून तिला एकच धास्ती होती, त्याच्या पाठीवर कोणी आलं तर? त्या धास्तीपायीच तिने मागे वळणारं क्षेपणास्त्र बनवायचं हे काम अंगावर घेतलं. मागचं विमान आपलं की परकं, हे क्षेपणास्त्राने आधी विचारून घ्यावं असा साहेबांचा आग्रह होता. तेवढ्यात पोराचा जीव जाईल, असं भांडभांडून तिने तो प्रश्नच काढायला लावला. ओळखायचं ते पायलट ओळखेल, ती म्हणाली होती.

तासाभराने भाऊ आला. केस घामाने कपाळाला चिकटलेले.

"ताई, तुला लहानपणापासून पाठीला डोळे आहेत. साखर चोरताना मी कधी सुटलोय का?"

ती हसली. सकाळपासून पहिल्यांदाच तिला भूक जाणवली. आजचं विमान चाचणीपुरतं होतं; तुझ्या रोजच्या विमानाला हे कधी बसवणार, असं तिने सहज विचारलं.

"माझ्या एवढ्यात नाही. आधी जोडीत पुढे उडणाऱ्या आमच्या लीडरच्या."

"आणि तू?"

"मी त्यांच्या मागे. त्यांची पाठ राखायला कोणीतरी हवंच ना."

हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिच्या मनातल्या आकाशात नेहमी तोच पुढे असायचा. तिने हातातला कप खाली ठेवला.

भावाने दार उघडलं आणि नेहमीसारखा बाजूला झाला.

"हो पुढे."

तिने त्याची बाही पकडली.

"नको. तू माझ्या मागे राहू नकोस."

तो हसत पुढे झाला. जिन्यापर्यंत तिने बाही सोडली नाही. मग तो काढलेला प्रश्न परत मागायला ती साहेबांच्या खोलीकडे वळली.