दहापैकी साडेतीन

मी बोलतोय, रहस्यकथांच्या एका जुन्या मासिकाचा अंक. माझ्या मुखपृष्ठावर एक बाई जिवाच्या आकांतानं ओरडतेय आणि तिच्या मागे सुरा धरलेला हात आहे. आतल्या एकाही कथेत अशी बाई नाही. चित्रकाराला कथा वाचायला वेळ नव्हता आणि संपादकाला चित्र परत पाठवायला.

मला सगळ्यात स्वस्त कागदावर छापलं. महिनाभर टिकलो तरी पुष्कळ, असा छापखान्याचा अंदाज होता. पण मला विकत घेतलं दवाखान्यातल्या एका कंपाउंडरनं. बायको "असलं काय वाचता?" म्हणून ओरडायची, म्हणून त्यानं मला पत्र्याच्या ट्रंकेत चादरींखाली दडवलं आणि विसरून गेला. एक पानसुद्धा वाचलं नाही. चाळीस वर्षं ऊन नाही, वारा नाही. कंटाळा खूप आला, पण रंग जसाच्या तसा राहिला.

ट्रंक रद्दीत निघाली तेव्हा रद्दीवाल्यानं जुने अंक जमवणाऱ्या एका घड्याळजीला निरोप धाडला. तो धावतच आला आणि रद्दीवाल्यानं सांगितली ती किंमत मोजून मला घेऊन गेला. कारण होतं माझ्या शेवटच्या पानांत. बंद खोलीतल्या खुनाची एक कथा सहा अंक चालली होती. पहिले पाच भाग त्यानं आणि त्याच्या ताईनं शाळेत असताना डोक्याला डोकं लावून वाचले होते. सहावा, म्हणजे मी, त्यांना मिळालाच नाही. ताई म्हणायची, खुनी वकील. हा म्हणायचा, माळी. यावरून दोघं केस पिकेपर्यंत भांडत आली.

आता मी हातात आलो, तर यानं मला वाचावं की नाही? वाचायचं नाव नाही! या संग्राहकांची तऱ्हाच न्यारी. उघडून वाचला तर पाठीला चीर पडेल आणि गुण जातील, ही धास्ती. जुन्या अंकांना दहापैकी गुण देतात. नऊ मिळाले की कडक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं बंद करतात आणि मेळाव्यात दर्शनी कपाटात मांडतात.

"खुनी कळला नाही तरी चालेल, पण तू नऊचाच हवास," असं तो मला बजावायचा. मी छापला गेलो वाचण्यासाठी आणि आता न वाचताच बंद होणार होतो.

गुण देणारी होती त्याची ताईच. या कामात तिचा हात धरणारं कुणी नाही. ती हातमोजे घालत नाही. कागद बोटांना कळावा लागतो, म्हणते. तिनं मला खिडकीशी तिरप्या उजेडात धरलं, वास घेतला, कोपरे जेमतेम उचलून पानं मोजली. ओळ एकही वाचली नाही. काम चालू असताना वाचायचं नाही, हा तिचा नियम. शेवटच्या पानावर मात्र तिचं बोट जरा रेंगाळलं.

मग तिनं मधलं पान पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

"पिना बदलल्यास?"

"गंजल्या होत्या गं. बघवेना."

"अरे, गंजाचा डाग जुना आणि पिना नव्या! मूळचं काही बदललं की अंक गेला."

"घड्याळातला गंजका भाग बदलला नाही तर गिऱ्हाईक शिव्या देतं," तो पुटपुटला. "ताई, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

तिनं कार्डावर पेन्सिलीनं साडेतीन लिहिलं. सख्ख्या भावासाठी अर्धा गुणही इकडचा तिकडे केला नाही. मला तिचा असा अभिमान वाटला की काय सांगू! घड्याळजीचा चेहरा मात्र रडवेला झाला.

मग त्यानंच विचारलं, "म्हणजे आता पेटी नाही?"

"साडेतीनला कसली पेटी?"

"मग वाचला तर..."

ताईनं खुर्ची त्याच्याजवळ ओढली, चष्मा बदलला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच पानाला माझी पाठ कडकन वाजली. दोघांनी ऐकलं. ताईनं पेन्सिल उचलून साडेतीनचे तीन केले आणि पुढचं पान उलटलं.

खुनी वकीलही नव्हता आणि माळीही नव्हता. कोण, ते मी सांगणार नाही. दोघं आधी एकमेकांकडे बघत राहिली आणि मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

आता मी घड्याळजीच्या दुकानात असतो. ज्याला हवं तो मला वाचतो. मुखपृष्ठ निम्मं सुटलंय. तुमच्या कपाटातही असा एखादा जपून ठेवलेला अंक असेल, तर त्याला एकदा उघडा. पाठ मोडेल त्याची. मोडू द्या.