तपासणी शेवटी

घारताईच्या नजरेतून तडा गेलेली बाटली सुटली, असं सव्वीस वर्षांत तीनदा झालं असेल, आणि ते तिन्ही दिवस तिला तारखेनिशी पाठ होते. काचेच्या कारखान्यात ती तपासणीच्या टेबलावर होती. भट्टीतून निघून निवलेली बाटली पट्ट्यावरून समोर आली की उचलायची, उजेडापुढे फिरवायची, खोट दिसली की बाजूच्या डब्यात टाकायची. घारताई हे नाव त्यावरूनच पडलं. खरं नाव कारखान्यात कुणाला आठवत असेल तर शपथ.

एक दिवस साहेबांनी सगळ्यांना बोलावून, अगदी गोड बोलून सांगितलं की टेबल बंद. आता बाटल्या कॅमेरे बघणार आणि कॅमेऱ्यांमागच्या कॉम्प्युटरवर माणसं बसणार. सहा आठवडे वर्ग, मग एक परीक्षा. पास होईल तो राहील, बाकीच्यांनी महिनाअखेर घरी बसायचं. तपासणीतल्या आठही बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. आता बघा, जन्मभर ज्यांनी बाटल्या निवडल्या त्यांचीच निवड व्हायची होती, आणि तीही सी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत, जी जगात कुणी तोंडाने बोलत नाही!

घारताईला नोकरीपेक्षा घराचा घोर मोठा होता. दोन खोल्या कारखान्याच्या. नोकरी गेली की खोल्या गेल्या. आणि त्या खोल्यांत आबा होते, तिचे वडील. तेही त्याच भट्टीवर राबलेले. दोन्ही डोळे जाऊन चौदा वर्षं झाली होती, पण त्या दोन खोल्यांत आबा आंधळे नव्हते. खाट कुठे, ओट्याचा कोपरा कुठे, खिडकीची कडी किती उंचावर, सगळं अंगात मुरलेलं. स्वतःचा चहा स्वतः करायचे आणि वर लेकीला सुनवायचे की साखरेचा डबा जागेवर ठेवत जा. एवढं अंगवळणी पडायला त्यांना तीन वर्षं लागली होती. त्या तीन वर्षांत त्यांच्या कपाळाला किती टेंगळं आली, हे घारताईशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

म्हणून ती जिवाच्या आकांताने शिकत होती. शिकवणारे सर तिच्या निम्म्या वयाचे, पण भला माणूस. वर्गात कॉम्प्युटर दोनच, त्यामुळे बाकीच्यांनी वहीवर लिहायचं. ‘इफ’ तिला चटकन कळलं. खोट असेल तर डबा, नसेल तर पुढे. हे काय नवीन? पाचव्या आठवड्यात मात्र रिकर्शन आलं, आणि सगळ्यांच्या नाकी नऊ आले. फंक्शन म्हणजे एक काम करणारा तुकडा, इथवर ठीक. पण हा तुकडा काम करता करता स्वतःलाच हाक मारतो म्हणे! नव्या कामासाठी पॅकिंगमधलीही एक बाई वर्गाला यायची, ती सरळ म्हणाली की आमच्याकडे असं कुणी करायला लागलं तर त्याला डॉक्टरकडे नेतात.

सरांनी हार मानली नाही. एकापासून पाचापर्यंतचा गुणाकार हवाय, ते सांगू लागले. पाच म्हणतो, मला चारपर्यंतचा द्या, मी त्याला पाचाने गुणतो. चार तेच तीनला विचारतो, तीन दोनला, दोन एकाला. एक कुणालाच विचारत नाही, त्याचं उत्तर एकच. तिथून उत्तरं उलटी वर येतात. म्हणून एकाशी थांबायची अट हवीच, नाहीतर हाका संपतच नाहीत.

घरी आल्यावर घारताईने भाजी चिरता चिरता हे आबांना सांगितलं. आबांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, म्हणजे सगळा भार त्या बिचाऱ्या एकावर. ती हसली. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं. पुढचे आठ दिवस ती रोज संध्याकाळी आबांना पाचापासून एकापर्यंत उतरून आणि परत चढून दाखवायची. आबा चुका काढायचे.

परीक्षेत तोच गुणाकार आला. सरांनी आधीच बजावलं होतं, पाठ केलेलं ओकू नका, समजलंय तसं लिहा. घारताईने समजलं होतं तसंच लिहिलं. आधी काम: खालच्या आकड्याला हाक मार, आलेल्या उत्तराला गुण. मग तपासणी: एक असेल तर एक परत दे. शेवटी उत्तर. तिने कागद उजेडापुढे धरून तीनदा तपासला आणि हलक्या पावलाने घरी आली.

चौथ्या दिवशी सरांनी आठही जणींना वर्गात बोलावलं. चेहरा उतरलेला. त्यांनी आठ कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. आठही कागदांवर अट हाकेच्या खाली होती.

“माझा विश्वास होता तुमच्यावर,” ते म्हणाले. “नक्कल करायची काय गरज होती?”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. घारताई म्हणाली की नक्कल कुणीच केलेली नाही, आणि चूक काय ते तरी दाखवा. सरांनी तिचा कागद जसाच्या तसा कॉम्प्युटरवर उतरवला आणि चालवला. पाचाने चारला हाक मारली, चाराने तीनला. एकाची पाळी आली, आणि एकानेही अट बघायच्या आधी शून्याला हाक मारली. शून्याने उणे एकाला, त्याने उणे दोनला. आकडे पडद्यावरून खाली धावत सुटले आणि एका क्षणी सगळं जागच्या जागी मेलं. अट खाली बरोब्बर लिहिलेली होती. तिच्यापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

घारताईला एका क्षणात सगळं दिसलं.

“सर, आम्ही जन्मभर शेवटीच बघत आलो,” ती म्हणाली. “माल तयार झाल्याशिवाय तपासायचा कसा? आम्हाला कुणी दुसरं शिकवलंच नाही.”

पॅकिंगमधल्या बाईचं बरोबर आलं होतं. तिला कधी काही तपासावंच लागलं नव्हतं. घारताईने विचारलं, मी करू का? सर खुर्चीतून उठले. एका बोटाने अक्षरं शोधत तिने अटीची ओळ खालून काढून वर हाकेच्या आधी घातली. चालवलं. एकशेवीस आलं.

“बरोबर आहे, ताई,” सर म्हणाले. मग खाली बघून म्हणाले, “पण निकालाची यादी सकाळीच वर साहेबांकडे गेली. मी तेव्हाच वर बोलून आलो. ते म्हणतात, नक्कल ठरली नाही तरी नापासच लिहा.”

कुणी भांडलं नाही. भांडायचं कुणाशी? सर तरी काय करणार होते. आठही जणी आपापल्या पिशव्या उचलून बाहेर पडल्या, आणि फाटकापाशी कुणी कुणाला उद्या भेटू असं म्हटलं नाही.

घरी आबा दाराकडे तोंड करूनच बसले होते. पावलांवरूनच त्यांना समजलं असावं, पण त्यांनी विचारलं. तिने नाही म्हणून सांगितलं. का, तेही सांगितलं, एक ओळ वर हवी होती ती खाली लिहिली. खोल्या सोडायला अठरा दिवस आहेत, हेही सांगून टाकलं. दडवून काय मिळणार होतं? आणि मग, त्यांनी काही म्हणायच्या आत, ती घाईघाईने बोलत सुटली. दुसरी जागा बघीन, लहान असली तरी चालेल, लहान जागा लवकर पाठ होते, मी हाताला धरून रोज फिरवीन, मागच्या वेळेसारखं.

आबांनी तिला पुरतं बोलू दिलं.

“नको,” ते म्हणाले. “तिथे मला खाटेवर बसवून ठेव. तेव्हा मी सदुसष्टचा होतो. आता मला नवीन घर शिकवू नकोस.”

जमेल आबा, असं ती एरवी लगेच म्हणाली असती. त्या दिवशी तिच्या तोंडून ते निघेना. ती तिथेच उंबऱ्यात बसून रडली, आवाज न करता, कारण आबांचे कान तिखट होते. त्यांनी तरी ऐकलंच.