माझ्या पोटातल्या नऊ ओळी

मी एक जुना, जाड कागदाचा तक्ता आहे. मित्रांनो, माझी गोष्ट सांगताना मान वर होत नाही, पण सांगतो.

मला गणिताच्या प्राध्यापक बाईंनी घडवले. तीन संध्याकाळी खपून त्यांनी माझ्यावर सुबक अक्षरात लिहिले, 'गणित शिकून पुढे काय?' खाली अकरा ओळी. शिक्षक आणि प्राध्यापक सर्वांत वर. मग विम्याचे हप्ते ठरवणारे, नव्या औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासणारे, हवामानाचे अंदाज बांधणारे, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे, असे बरेच. सगळे कौतुक करायचे आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढायचो.

वर्षभर मी कपाटात गुंडाळलेला असे. प्रवेशाच्या आठवड्यात मला बाहेर काढत. "आधी दोन दिवस जाड पुस्तकांखाली ठेवा, नाहीतर परत गुंडाळतो तो," असे बाई शिपायाला बजावत. मला ते ओझे मुळीच आवडत नसे. एका वर्षी शिपाई विसरला आणि शेवटच्या दिवशी घाईघाईने वर दोन टाचण्या टोचून गेला. मी खूश झालो. खालून आरामात गुंडाळून बसलो.

थोड्या वेळाने एक शिंपीकाका मुलीला घेऊन आले.

"बाबा, मला गणितच घ्यायचंय."

"अगं, आवडीला कोण नाही म्हणतंय? पण पुढे काय?" त्यांनी माझ्याकडे बोट केले. "बघ, इथंच लिहिलंय. शिक्षक नाहीतर प्राध्यापक. तुला चार माणसांपुढे बोलताना घाम फुटतो."

नऊ ओळी माझ्या पोटात होत्या आणि मी ढिम्म हललो नाही. तिने दुसऱ्या विषयाचा अर्ज भरला.

दुपारी बाईंनी मला सरळ केले, तेव्हा अर्जांची खिडकी बंद झाली होती. बोलणी शिपायाने खाल्ली. मी नामानिराळा राहिलो, याची लाज वाटते.

तीन वर्षांनी, प्रवेशाच्याच आठवड्यात, बापलेक पदवीची गुणपत्रिका न्यायला आले. या वेळी मी सपाट टांगलेला होतो. मुलीने एकेका ओळीवर बोट ठेवत मला शेवटपर्यंत वाचले.

"बाबा, हे तेव्हा नव्हतं ना?"

काकांनी माझ्या खालच्या कडेवरून बोट फिरवले. "असेल गं. मीच वाकून बघितलं नाही. चुकलं माझं."

दोष माझा होता आणि माफी त्यांनी मागितली. मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मित्रांनो, भिंतीवर काहीही लावाल, तर चारही कोपरे नीट टाचा. वाचणाऱ्याला वाटते, एवढेच आहे. आणि तो तेवढ्यावरच मुलीचे आयुष्य ठरवून मोकळा होतो.