खिडकीकडचा गाल

मित्रांनो, मी एक जुनी, पोट चेपलेली सनस्क्रीनची ट्यूब आहे. उन्हात निघण्यापूर्वी चेहऱ्याला लावतात ते दाट, पांढरे क्रीम माझ्या पोटात असते. कारखान्यात मला भरले, शेपटी दाबून बंद केली आणि औषधांच्या दुकानात उभे केले. तिथून दोन बहिणींपैकी धाकटीने मला उचलले.

धाकटी लोकांना गाडी चालवायला शिकवत असे. दिवसभर शिकाऊ चालकाशेजारी बसून तिचा खिडकीकडचा गाल भाजून निघे. तो वाचवणे हे माझे काम! पण दारात चपला घालता घालता ती माझा एक ठिपका गालावर फिरवी आणि पळे.

"अगं, चेहऱ्याला लावतेयस की नुसती दाखवतेयस?" थोरली विचारी. ती घरीच, खिडकीपाशी शिवणयंत्रावर कपडे शिवत असे.

"ताई, जास्त लावली तर भूत दिसते मी! शिकणारे गाडी सोडून पळतील."

एका दुपारी घामाबरोबर मी ओघळले आणि थेट तिच्या डोळ्यांत उतरले. डोळे चोळण्याच्या नादात शिकवणाऱ्यासाठी तिच्या पायाशी असलेला दुसरा ब्रेक उशिरा दाबला गेला. गाडी कुंपणावर आदळली. सुदैवाने कुणाला लागले नाही. त्याच संध्याकाळी घरात माझी सवत आली: हलकी, घामाला दाद न देणारी जेलची ट्यूब.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटी तिला पर्समधून मिरवी, दुपारी घाम टिपून पुन्हा लावी. मला कधी कुणी दुसऱ्यांदा लावले होते? फळीवर कंगव्यामागे पडून मी जळत राहिले. तिचे झाकण हरवावे, असेही मनात येई. त्यात माझ्या शेपटीवर छापलेली मुदत जवळ येत चालली होती. भरल्या पोटी केराच्या टोपलीत जायचे, या धास्तीने मी खंगले.

एकदा थोरलीने ती जेल लावून पाहिली. "बाई गं, कातडी नुसती ताणल्यासारखी झाली!" तिने तोंड धुतले आणि चाचपडत मला शोधले. काचेतून येणारे ऊन तिच्याही गालावर रोज पडतच होते. तिने मला गालांवर, कानांवर, मानेवर सढळ हाताने लावले. तिच्या कोरड्या त्वचेत मी अलगद मुरले. पंख्याखाली घाम नव्हता, घाई नव्हती.

तरी सवतीचा काटा सलतच होता. पुढे धाकटी तिला तापलेल्या गाडीत विसरली आणि जेलचे पाणी होऊन गेले. खोटे कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सकाळी धाकटीने माझ्याकडे हात केला. "ताई, आजच्या दिवस तुझी दे ना गं."

किती वाट पाहिली होती मी त्या हाताची!

थोरलीने मला मुठीत घट्ट धरले. "मुळीच नाही. पुन्हा डोळे चोळत बसशील, आणि या खेपेला समोर कुंपण नसलं तर? वाटेत दुकान लागतं. तुझी ती घे आणि मगच गाडीत बस."

आणि मित्रांनो, त्या मुठीत मला पहिल्यांदाच राग आला नाही.

म्हणून विनवते, आम्हाला निवडताना आधी आपला दिवस पाहा. घाम किती येतो, ऊन कुठून पडते, त्वचा कोरडी की तेलकट, हे विचारा. मग पुरेसे लावा, पुन्हा लावा आणि आम्हाला उन्हात टाकू नका.

नवी सवत अजून टंच भरलेली आहे. थोडी जळतेच मी. पण थोरली मला शेपटीकडून गुंडाळत आणते आहे, आणि शेवटी कात्रीने माझे पोट उघडून उरलेसुरले क्रीमही ती बोटाने गालाला लावणार आहे. तो गालही खिडकीकडचाच आहे.