सुताने मोजलेली सूज

यंदा, म्हणजे एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली, काशीतल्या संकठा घाटाच्या पायऱ्यांवर सकाळी पाय ठेवायला जागा नसायची. कोणी गळू घेऊन येई, कोणी भाजलेला हात, आणि आमचे हे आपला उजवा पाय. मधोमध सूतवाले बाबा. ते दुखऱ्या जागेभोवती सूत गुंडाळून दोन सारखे तुकडे कापायचे, एक भक्ताच्या हातात द्यायचे, दुसरा कमंडलूतल्या पाण्यात टाकायचे. डोळे मिटून पुटपुटायचं, मग आतला तुकडा चोळून बाहेर काढायचा आणि पाटावर दोन्ही शेजारी ठेवायचे. कमंडलूतला बोटाच्या रुंदीएवढा आखूड! लगेच घाटभर 'हर हर महादेव'.

मी एकदा विचारलं, सूत आटलं, पण पाय तर तेवढाच दिसतो. बाबा म्हणाले, "माताजी, सूजन पहले सूत से उतरती है, पैर से बाद में." पायाला म्हणे खबर पोचायला वेळ लागतो. लोक माना डोलावत होते आणि मला तो कमंडलू त्यांच्या डोक्यावर पालथा घालावासा वाटत होता.

दूधविनायक मोहल्ल्यात आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जानवी करतात. ह्यांची चाळीस वर्षं सूत वळण्यात गेली. त्यात साखरेचा आजार. तळव्यात खिळा गेला तो ह्यांना कळलाही नाही, जखम चिघळली. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज पट्टी करा, नाहीतर पाय जाईल. बाबा म्हणाले, पट्टी बांधलीत तर सूत रुसेल. ह्यांनी आठ दिवस सुताची मर्जी राखली. मी भांडले, रडले, अबोला धरला, पण हे ढिम्म हलले नाहीत.

शेवटी ह्यांच्याबरोबर ह्यांची भाची मृणालिनी हिलाही घाटावर घेऊन गेले. ती विद्यापीठात जखमांवरच संशोधन करते. जखमेच्या पाझरात ग्रोथ फॅक्टर नावाचं द्रव्य असतं, ते पेशींना वाढायला लावतं. मृणालिनी बशीत वाढवलेल्या पेशींवर तो पाझर टाकते आणि त्या किती वाढल्या ते मोजते. बाबांच्या कानावर हे आधीच गेलं असावं. तिला बघताच म्हणाले, "बेटी, वही ग्रोथ फैक्टर तो हम सूत में उतारते हैं. जितना फैक्टर, उतना सूत छोटा." घाटावर प्रयोगशाळा उघडल्याचं मला तेव्हा कळलं.

मृणालिनी चिडली नाही. ती म्हणाली, आम्ही शेजारी दुसरी एक बशी ठेवतो, तिच्यात पाझराऐवजी नुसतं मिठाचं पाणी घालतो. तिथेही पेशी तेवढ्याच वाढल्या, तर पाझराचं श्रेय नाही. मग तिनं बाबांकडूनच सूत मागून घेतलं, माझ्या हातातल्या पितळी तांब्याच्या पोटाला गुंडाळलं, दोन तुकडे कापले आणि एक आपल्या बाटलीतल्या नळाच्या पाण्यात चोळला. मंत्रबिंत्र काही नाही. पाटावर ठेवला, तर तोही तेवढाच आखूड.

"यज्ञेश्वरमामा," ती म्हणाली, "तांब्याची सूज उतरली."

आधी एक म्हातारी हसली, मग सगळा घाट. लोट्यावरही प्रभूची कृपा असते, असं बाबा सांगू लागले, पण ऐकतंय कोण. ह्यांनी मात्र तो ओला तुकडा उचलून बोटांत उलगडला, आणि ह्यांचा चेहरा उतरला.

"पीळ फार कडक आहे," हे हळूच म्हणाले. "असलं सूत भिजलं की तंतू फुगतात आणि सूत आखडतं. वाळल्याशिवाय मी कधी माप घेत नाही."

चाळीस वर्षं जे रोज पाळलं, ते स्वतःच्या पायापाशी विसरले. मला राग आला होता की रडू, अजून सांगता येत नाही.

डॉक्टरांनी आठ दिवसांपूर्वी पारदर्शक प्लास्टिकवर जखमेची कड आखून दिली होती. मृणालिनीनं ते प्लास्टिक माझ्याकडून घेऊन तळव्यावर धरलं. जखम चारी बाजूंनी रेघेबाहेर आली होती. हे ते बघून म्हणाले, "रिक्षा बोलव."

पायाची दोन बोटं कापावी लागली. पाय वाचला. आणखी आठवडा गेला असता तर पायही गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

म्हणून हात जोडून सांगते, जखम मोजायची असेल तर जखमच मोजा. चमत्कार दिसला की तो साध्या पाण्यानंही होतो का, ते आधी करून बघा. कोणाची परवानगी लागत नाही. हे आता भिंतीला धरून पुन्हा चालायला शिकताहेत, आणि मी ते रोज बघते.